ताटकळणारा प्रोसेसर

स्वस्त किमतीचा नवा लॅपटॉप मंद चालतो, या तक्रारीतील ‘मंद’ हा शब्द नेमका कशाला लागू पडतो हे आधी ठरवून घेणे आवश्यक आहे. कारण अशा यंत्रातील गणन करणारा भाग, म्हणजे प्रोसेसर, बहुतेक वेळ संथपणे काम करत नसतो, तर कामाची सामग्री हाती येण्याची वाट पाहत ताटकळत असतो. विंडोज ११ असलेल्या यंत्रात कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो, आणि यंत्र जागचे हलेनासे झालेले असतानाही त्यात प्रोसेसरचा आकडा पंधरा-वीस टक्क्यांवर रेंगाळतो, तर डिस्कचा आकडा शंभरावर चिकटून बसलेला दिसतो.

या ताटकळण्याचे माप हार्ड डिस्कवरून काढता येते. हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय थर दिलेली फिरती तबकडी. लॅपटॉपमधील स्वस्त प्रकारात ती मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते, त्यामुळे एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या शीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्याचा वेळ निराळाच. आणि सेकंदाला दोन अब्ज ठोके देणाऱ्या प्रोसेसरचे एक कोटीहून अधिक ठोके त्या अर्ध्या फेऱ्यात उलटून जातात. एसएसडी या साठवणीत फिरणारा भागच नसल्याने ही प्रतीक्षा मिलिसेकंदाच्या अंशावर येते. तरीही दुकानातील पाटीवर ‘१ टीबी’ लिहिलेले यंत्र ‘२५६ जीबी’च्या यंत्रापेक्षा चौपट सरस वाटते, पहिली तबकडी आहे आणि दुसरी एसएसडी, हा फरक पाटीवर असलाच तर बारीक अक्षरात असतो. तिसरा प्रकार ईएमएमसीचा, म्हणजे मोबाइल फोनांत रुळलेल्या आणि मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेल्या साठवणीचा. ती तबकडीइतकी अडखळत नाही, परंतु तिची क्षमता अनेकदा ६४ जीबी असते, आणि विंडोज ११ साठी किमान साठवणही तेवढीच सांगितलेली असल्यामुळे अशा यंत्रात मोठे अपडेट उतरवण्यापुरतीही जागा लवकरच उरत नाही.

काटकसरीची कात्री साठवणीवर चालवण्याची ही रीत जुनीच आहे. इंटेलने १९९८ मध्ये सेलेरॉन हा स्वस्त प्रोसेसर आणला, तेव्हा त्याच्या पहिल्या आवृत्तीतून दुसऱ्या पातळीची कॅश, म्हणजे वारंवार लागणारी माहिती प्रोसेसरच्या अगदी निकट ठेवणारी छोटी स्मृती, साफ वगळण्यात आली होती. त्याच वर्षी १२८ केबी कॅश असलेली आवृत्ती काढावी लागली.

रॅमची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. रॅम हा स्वयंपाकघरातला ओटा मानला, तर साठवण हा माळा होय. ४ जीबी रॅममधून विंडोज स्वतःसाठी मोठा हिस्सा घेते, स्वतंत्र स्मृती नसलेला चित्रप्रक्रियक आणखी काही घेतो, आणि ब्राउझरच्या आठ-दहा टॅब उघडल्या की एक डबा ओट्यावर घेण्यासाठी दुसरा माळ्यावर चढवावा लागतो. अशा अदलाबदलीवर आधारलेली आभासी स्मृती मँचेस्टर विद्यापीठाच्या अ‍ॅटलस संगणकात १९६२ मध्येच वापरात होती. अदलाबदलीतच सगळा वेळ जाऊन मूळ काम ठप्प होते, या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात आणि पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये तिची कारणमीमांसा मांडली. ‘रॅम मोकळी करणारे’ म्हणून मिळणारे प्रोग्रॅम या दृष्टीने निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारक ठरतात, कारण त्यांनी माळ्यावर टाकलेले डबे पुढच्याच क्षणी पुन्हा उतरवावे लागतात.

उपायांचा क्रम यातूनच ठरतो. नवे यंत्र पहिले दोन-तीन दिवस अपडेट उतरवणे, फाइलींची शोधसूची तयार करणे यांत गुंतलेले असते. ते रात्रभर वीजजोडणीवर सुरू ठेवून ही कामे उरकू द्यावीत आणि मगच मत बनवावे. त्यानंतर यंत्राबरोबर आपोआप जागे होणारे प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमधूनच बंद करता येतात, आणि विक्रेत्याने चाचणीपुरता घातलेला अँटिव्हायरस काढून टाकला तर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर त्याची जागा घेतो. रॅमसाठी मोकळा खाचा असेल तर ८ जीबीपर्यंतची वाढ आणि तबकडीऐवजी एसएसडी, या दोन बदलांनी यंत्र ओळखू येणार नाही इतके पालटते. मात्र हमीच्या अटी आधी वाचलेल्या बऱ्या.

रॅम आणि साठवण दोन्ही सोल्डर केलेली असतील, तर भार हलका करणे एवढेच हाती उरते. विंडोजऐवजी लिनक्स मिंट या कार्यप्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती अशा यंत्रांना मानवते, जरी टॅलीसारखे विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्रॅम तिथे सरळपणे चालत नाहीत. मूळ विंडोज न पुसता ती पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय, प्रिंटर आणि मराठी टायपिंग तपासून घेता येते. या चाचणीत तीही काहीशी रेंगाळते, कारण पेनड्राइव्ह ही साठवणही धीमीच असते, आणि प्रोसेसर तिथेही ताटकळतच असतो.