टीव्ही बंद पडल्यावर कोणाला विचारायचं?
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्या बॅचमधले कोणी बँकेत गेले, कोणी वेकोलित, कोणी पुण्याच्या आयटी कंपन्यांत. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत गेले. संगणकातलं माझ्यापेक्षा जास्त कळणारे समोर बसलेत, म्हणून मी फक्त बंद पडलेल्या टीव्हीबद्दल बोलते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेला एका मंडळानं टीव्ही दिला. हारतुरे झाले, फोटो झाले. काही महिन्यांनी टीव्ही पेनड्राइव्ह वाचेना. तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, पण तिथं असा टीव्ही नव्हता अन् अशी अडचणही नव्हती. शेवटी नऊ किलोमीटरवरच्या शाळेतल्या गुरुजींना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "बाई, पेनड्राइव्ह 64 जीबीचा आहे का? जुने टीव्ही त्याचं फॉरमॅट ओळखत नाहीत. 16 चा लावून पाहा." टीव्ही सुरू झाला. त्यांच्याकडेही आधी हेच झालं होतं, म्हणून त्यांना माहीत होतं.

अशी माणसं एकमेकांना भेटावीत याची सोय सरकारी रचनेत आहे. आसपासच्या शाळांचं एक केंद्र असतं, तिथं शिक्षण परिषद भरते. पण परिषदेचा वेळ परिपत्रकं आणि ऑनलाइन माहिती भरण्यातच जातो. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारावं तर प्रश्नावर शुभ सकाळची फुलं येऊन पडतात.

2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं आणि 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द सगळीकडे झाला. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याची डिजिटल शाळा पाहायला लांबलांबचे शिक्षक गेले. आपल्यासारख्याच शाळेत हे चाललंय, हे डोळ्यांनी दिसलं. सोलापूरच्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड लावले, पुढे ते बालभारतीच्या पुस्तकांतही आले. 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. मला त्या बातमीतलं हेच जास्त लक्षात राहिलं.

त्या शब्दानं एक नुकसानही केलं, असं माझं मत आहे. केंद्रात एकजण तंत्रस्नेही ठरला की बाकीचे हात झटकून मोकळे. सगळ्यांचे फॉर्म त्याच्याच गळ्यात, आणि त्याचा स्वतःचा वर्ग राहतो बाजूला. बायकांचं आणखी वेगळं. चाळीस पुरुषांच्या ग्रुपवर "मला केबल कुठं लावायची कळत नाही" असं लिहायला जीव धजत नाही. आम्ही पाचसहा जणींनी वेगळा ग्रुप केला. नियम दोनच: प्रश्नासोबत टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो टाकायचा, आणि उत्तर मिळून काम झालं की 'झालं' असं लिहायचं. फोटोमुळे अर्ध्या अडचणी लगेच कळतात. 'झालं' वाचून बाकीच्याही शिकतात.

याच ग्रुपमधून मला सगळ्यात उपयोगाची गोष्ट मिळाली. आमच्या पहिलीतली मुलं माडिया बोलतात, आणि व्हिडिओ शुद्ध मराठीत. चित्रं हलतात म्हणून पाहतात, समजत काही नाही. एका बाईंनी व्हिडिओचा आवाज बंद केला आणि सातवीच्या मुलीकडून तीच गोष्ट माडियात सांगवून मोबाईलवर रेकॉर्ड केली. आता आम्ही सगळ्या तसंच करतो. कोणत्याही दुकानात हे विकत मिळत नाही.

म्हणून मित्रहो, शाळेला काही द्यायचं मनात असेल तर नवा टीव्ही राहू द्या. आहे त्या टीव्हीला स्टॅबिलायझर द्या, कारण आमच्याकडची वीज तुम्हाला माहीत आहे. आणि फोनवर थोडा वेळ द्या. आयटीवाल्यांनो, आम्हाला अख्खा कोर्स नको. विचारल्यावर "एवढंही येत नाही का?" असं न म्हणणारा माणूस हवा. सर, बाई, निवृत्त झालात तरी शिकवावं कसं हे तुम्हालाच विचारायचं आहे.

चहाच्या टेबलावर वही ठेवली आहे. नाव, मोबाईल नंबर आणि फोन कधी उचलाल ती वेळ लिहा. संध्याकाळी पाचनंतरची लिहिली तर बरं. शाळा सुटल्यावर पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेलं की आम्हाला नेटवर्क मिळतं.