पाषाणवृक्षांचें अरण्य

अरण्य हा शब्द उच्चारतांच सावली, पाखरांचा किलबिलाट आणि पानांची सळसळ हीं ओघानेंच मनांत येतात. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲरिझोना संस्थानाच्या ईशान्य भागांत एक अरण्य असें आहे कीं, त्यांतील प्राचीन वृक्ष आडवे पडलेले असून त्यांच्या लाकडाचा पाषाण झालेला आहे. सभोंवार तांबड्या, करड्या, निळसर मातीच्या टेकड्या, वर्षाकाठीं पाऊस अवघा सुमारें १० इंच, आणि जागोजाग विखुरलेले रंगीबेरंगी दगडी ओंडके! यालाच पेट्रिफाइड फॉरेस्ट, म्हणजे अश्मीभूत अरण्य, असें नांव आहे.

या वाळवंटाची पूर्वस्थिति अगदीं निराळी होती. सुमारें २१ ते २२ कोटी वर्षांपूर्वीं, ट्रायासिक युगाच्या उत्तरार्धांत, हा प्रदेश विषुववृत्तापासून फारसा दूर नव्हता. पृथ्वीवरील भूखंड तेव्हां एकमेकांस जोडलेले होते, आणि येथून मोठमोठ्या नद्या वाहत. त्यांच्या पुरांत उन्मळलेले वृक्ष गाळाखालीं गाडले जात. हवा न मिळाल्यामुळें लाकूड लवकर कुजत नसे. गाळांत ज्वालामुखींची राखहि असे. तींतील सिलिका पाण्यांत विरघळून लाकडांत झिरपे व त्याच्या सूक्ष्म पेशींत सांचत राही. कालांतरानें तिचें गारगोटींत रूपांतर झालें. तींत लोहाचा अंश मिसळला तेथें तांबडा व पिवळा रंग चढला, मँगॅनीजच्या योगानें जांभळी व काळी छटा आली. गारगोटी कठीण खरी, पण ठिसूळ. म्हणून जमिनीच्या हालचालींनीं ओंडक्यांना आडवे तडे गेले, आणि ते करवतीनें कापल्यासारखे दिसूं लागले.

हेंच सौंदर्य त्यांच्या जिवावर उठलें. १८८० नंतर या भागांतून आगगाडी जाऊं लागली, आणि प्रवासी व व्यापारी दगड नेऊं लागले. पोटांतील जांभळ्या स्फटिकांसाठीं ओंडके सुरुंगानें फोडण्यांत आले. ते भरडून घासकामाची पूड करण्यासाठीं गिरणीहि उभारली गेली. अखेरीस ८ डिसेंबर १९०६ रोजीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं या जागेस राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षण दिलें. १९६२ सालीं तें राष्ट्रीय उद्यान झालें.

या संरक्षणाचें महत्त्व ओंडक्यांपुरतें नाहीं. त्याच थरांत सुसरीसारखे दिसणारे फायटोसॉर, मोठ्या चपट्या डोक्याचे उभयचर प्राणी आणि आरंभींचे लहान डायनोसॉर यांच्याहि अस्थि आहेत. रेव्हेल्टोसॉरस या प्राण्याची हकीकत येथें बोधप्रद आहे. न्यू मेक्सिकोंत सांपडलेल्या केवळ दातांवरून १९८९ सालीं त्याला नांव मिळालें, आणि तो वनस्पतिभक्षक डायनोसॉर ठरला. पुढें २००४ सालीं या उद्यानांत तसेच दात असलेले सांगाडे मिळाले, तेव्हां तो सुसरींच्या गोत्रांतला निघाला! जें सुट्या दातांनीं चुकीचें सांगितलें, तें आपल्या जागीं राहिलेल्या सांगाड्यानें नीट सांगितलें.

याच कारणास्तव येथून खडा उचलण्यास मनाई आहे. तरीहि तो खिशांत घालणारे निघतातच. त्यांतील कित्येकांना पुढें मनाची टोंचणी लागते, आणि ते क्षमायाचनेच्या पत्रासह दगड टपालानें परत करतात. पत्रें जपून ठेवलीं जातात. दगड मात्र पुन्हां रानांत ठेवतां येत नाहीं. कारण तो नेमका कोठून उचलला हें कळण्यास मार्ग नसतो, आणि भलत्या जागीं ठेवलेला दगड संशोधकास भलतेंच सांगेल. म्हणून असे दगड रस्त्याच्या कडेस एका ढिगांत टाकले जातात. लोक त्याला विवेकबुद्धीचा ढीग म्हणतात.

त्या ढिगांतील प्रत्येक दगड रंगानें पूर्वीइतकाच सुंदर आहे. त्याची साक्ष मात्र कायमची गेली. ग्रंथाचें फाडून नेलेलें पान परत आणलें तर पृष्ठांक पाहून जागीं चिकटवितां येतें. पृथ्वीच्या या ग्रंथांत प्रत्येक पानाचा अंक म्हणजे त्याची जागाच होय. ती एकदां हरवली, म्हणजे पश्चात्ताप कितीहि खरा असला तरी तें पान पुन्हां वाचतां येत नाहीं.