उबेत चिकटते, गारव्यात सुटते
(बक्षीस समारंभात दिलेले भाषण)



रमजानमध्ये आपल्या घरी फालुद्यासाठी सब्जा भिजवतात. चिमूटभर बी फुगून वाटीत मावेनासे होते, कारण प्रत्येक बीवरचे आवरण पाणी शोषून धरून ठेवते. अशा पदार्थाला शास्त्रात हायड्रोजेल म्हणतात. चायना ग्रासची खीरही त्याच जातीची. ती उकळताना पातळ असते, निवली की थिजते. आज ज्या पदार्थाविषयी बोलणार आहे, त्याचा स्वभाव वेगळा. तो उष्णतेने आकसतो आणि गारव्याने फुगतो.

त्याचे नाव पॉलि-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलमाइड. विद्यार्थ्यांनी ते पाठ करू नये, ३२ हा आकडा मात्र लक्षात ठेवावा. सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर तो पाणी बाहेर टाकतो, त्याखाली ओढून घेतो. टोकियो महिला वैद्यकीय विद्यापीठातील तेरुओ ओकानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास त्याचा अतिशय पातळ थर पेशी वाढवण्याच्या बशीला दिला. शरीराच्या ३७ अंशांच्या उबेत थर आकसलेला राहतो व पेशी त्यावर चिकटून वाढतात. बशी २० अंशांवर आणली, की थर पाणी पिऊन फुगतो आणि पेशींची पकड सुटते. एरवी त्या सोडवायला ट्रिप्सिन घालतात. ते पेशींना बांधणारी प्रथिनेच कापते. हाती येतात त्या सुट्या पेशी. येथे सबंध चादर उचलता येते, आणि पेशींनी स्वतः केलेला गोंद तिच्या खालच्या बाजूस शाबूत राहतो.

हा गोंद डोळ्यासाठी कामी आला. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या कडेला मूळपेशी असतात. त्या जळाल्या की पडदा गढूळ होतो. कोजी निशिदा व सहकाऱ्यांनी २००४ साली अशा ४ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दोन्ही डोळे बिघडलेले, म्हणून पेशी तोंडातल्या अस्तरातून घेतल्या. त्यांची चादर एकही टाका न घालता डोळ्यावर बसली व चौघांची दृष्टी सुधारली.

एक डोळा चांगला असेल, तर एवढा खटाटोप लागत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉक्टरांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत चांगल्या डोळ्याच्या कडेचा लहानसा तुकडा घेऊन त्याचे बारीक कण थेट दुसऱ्या डोळ्यावर ठेवतात. प्रयोगशाळा नको. मला ही युक्ती अधिक आवडते. आणि पानाच्या चुन्याची पुडी फुटून मुलाच्या डोळ्यात गेली, तर आयांनो, आधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, मग दवाखाना गाठा.

आता 'स्टेम सेल'च्या जाहिरातींबद्दल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठराविक विकारांतील मूळपेशी-रोपण सोडता बाकीचे असे उपचार अजून प्रयोग समजले जातात. तेव्हा कोणी मतिमंदत्व किंवा अर्धांगवायू बरा करतो म्हणून लाखांचा आकडा सांगितला, तर दागिन्यांना हात लावण्यापूर्वी हा प्रयोग कोठे नोंदवला आहे आणि प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून का घेता, एवढे दोन प्रश्न पालकांनी विचारावेत.