बारीक अंगाची साखर

भाकऱ्या झाल्या असतील तर भांडी जरा तशीच राहू द्या आणि पाच मिनिटं बसा. आज साखरेच्या आजाराबद्दल, म्हणजे मधुमेहाबद्दल बोलायचं आहे.

सुरुवात माझ्या धाकट्या जावेपासून करते. अंगानं अगदी काडी. दुसऱ्या खेपेला तिला सारखी तहान लागायची, थकवा यायचा. साखर तपासायचं निघालं तेव्हा मीच म्हणाले, "हिला कुठली साखर? ती बसून खाणाऱ्या जाड्या माणसांना होते." तपासणी राहिली. आठव्या महिन्यात केली तेव्हा साखर बरीच वाढलेली निघाली. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली, पण चार वर्षांत जावेला कायमचा मधुमेह जडला. माझं ते बोलणं मला अजून टोचतं.

माझं कुठं चुकलं, ते पुण्याच्या एका डॉक्टरांच्या कामातून कळलं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. १९९३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. तिथल्या बाया आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या. दिवस जाण्याआधी त्यांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्या काय खातात, किती कष्ट करतात, हे सगळं लिहून घेतलं. बाळ जन्मलं की त्याचं वजन केलं, आणि कातडीखाली चरबी किती तेही चिमट्यासारख्या साधनानं मोजलं. ती मुलं मोठी झाली तरी डॉक्टरांनी त्यांचा माग सोडला नाही.

दिसलं काय? आपली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्याही आतली. इंग्लंडमधली बाळं साडेतीन किलोची. आपल्या बाळांचं मांस कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी मात्र फारशी कमी नाही. दिसायला बारीक, आतून चरबीचं. रक्तातली साखर उचलून वापरतं ते मुख्यतः मांस. मांस कमी आणि पोटात चरबी जास्त असली की इन्सुलिनचं काम अडतं. मग वजन फार न वाढताही साखर वाढते.

हे पटवायला डॉक्टरांनी स्वतःचंच उदाहरण दिलं. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचं उंचीच्या मानानं वजन अगदी सारखं. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात दोघांचा फोटोही छापून आला. तेव्हा काटा एकच गोष्ट सांगतो, सगळी सांगत नाही.

आता आपल्या चुलीजवळची गोष्ट. त्या गावांत ज्या गरोदर बाया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं भरलेली निघाली. ज्यांच्यावर कष्टाचा भार जास्त, त्यांची बाळं लहान. आणि बहुतेक बायांत ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. फोलिक आम्ल भरपूर पण ब-१२ कमी, अशा आयांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट चालत नसल्याच्या खुणा जास्त दिसल्या. म्हणून दवाखान्यातल्या लोह-फोलिकच्या गोळ्या बंद करू नका बरं, त्या हव्यातच. त्यांच्या जोडीला ब-१२ हवं. ते भाजीत नसतं. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांत असतं. शाकाहारी असाल तर डॉक्टरांना विचारा.

दूध आपल्याच गोठ्यात निघतं, पण किटली भरून डेअरीवर जातं. उरलेलं चहाला, मग मुलांना, मग पुरुषांना. सून सगळ्यांत शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला भाकरी अन् कालवणाचं पाणी. किटली भरण्याआधी एक पेला तिच्यासाठी बाजूला काढायला काय जातं?

गरोदर बाईची साखर पहिल्या तपासणीलाच बघायची, आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त बघतात. आकडा १४० किंवा वर आला तर उपचार लागतात. अशा बाईनं बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्यायचं आणि पुढे दर वर्षी. आमच्या घरात हेही राहून गेलं.

ज्यांना मधुमेह आहेच, त्यांनी बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नये. ताटात भाकरी बेतानं, डाळ-उसळ-भाजी जास्त. जेवल्यावर थोडं चालावं. रोज रात्री तळपाय पाहावेत. मेटफॉर्मिनच्या गोळीनंही ब-१२ कमी होऊ शकतं, म्हणून पायाला मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना सांगा.

आता माझी जाऊ गोळ्या नियमित घेते आणि तिची साखर ताब्यात आहे. तिची लेक सात वर्षांची आहे. आमच्या घरी सकाळी पहिला पेला आता त्या दोघींचा असतो.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ता भरण्याआधी प्रत्येकीनं एक सांगायचं: आज मी दूध, दही नाहीतर अंडं खाल्लं का? आणि गटात कुणी गरोदर असेल, तर तिची साखर तपासली का? येते. काळजी घ्या.