खांबासारखे वाढणारे सफरचंद

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, केलोना शहराजवळच्या एका बागेत, १९६०च्या दशकात मॅकिन्टॉश सफरचंदाच्या झाडावर एक वेगळीच फांदी दिसली: आखूड पेरांची, दाट पानांची, सरळ वर जाणारी. या नैसर्गिक उत्परिवर्तनातून स्तंभाकार सफरचंद मिळाले. हा गुण प्रभावी जनुकाचा असल्याने संकरातील साधारण निम्म्या रोपांत उतरतो. इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राने त्यावरूनच ‘बॅलेरिना’ मालिकेतील वाण तयार केले.

झाड अडीच ते तीन मीटर उंच होते, घेर मात्र जेमतेम दोन फूट. फळे खोडालगतच्या आखूड फांद्यांवर धरतात, म्हणून छाटणी थोडकीच लागते. दोन रोपांत ६० ते ९० सेंटिमीटर अंतर पुरते. मॅकिन्टॉशचा काटकपणा टिकवलेले वाण उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडीही सोसतात. फुलोरा मात्र वसंतातल्या उशिराच्या हिमाने करपतो.

त्याच सुमारास फुलणारा दुसरा वाण जवळ हवाच, नाहीतर फळधारणा अगदी कमी होते. विरळणीकडेही दुर्लक्ष नको. कोवळी फळे वेळेवर कमी केली नाहीत, तर झाड एक वर्षाआड फळते. कुंडीतली मुळे जमिनीतल्यापेक्षा लवकर गोठतात. म्हणून कडक हिवाळ्यात कुंडीला गोणपाट गुंडाळतात.