गायखुरीची माती ज्वालामुखीची का नाही?



भंडाऱ्याहून साकोलीकडे निघालं की लाखनी सोडल्यावर डाव्या हाताला गायखुरीचे डोंगर दिसू लागतात. फार उंच नाहीत. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, मधूनच बांबूचं बेट. या भागातल्या खडकांना भूशास्त्रात ‘साकोली समूह’ म्हणतात आणि त्यांत ज्वालामुखीतून आलेले थर आहेत. काही लाव्ह्याचे, काही चक्क राखेचे. वय शंभर कोटी वर्षांच्या घरात किंवा त्याहूनही पलीकडचं. दख्खनचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यातून झाला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे यांच्यापुढे पोरसवदाच. तो पाषाण नागपूरच्या आसपास संपतो. सीताबर्डीची टेकडी त्याची. वैनगंगेच्या या खोऱ्यात आपला पाया वेगळा, आणि कितीतरी जुना.

आता शाळेत आपण काय शिकलो? ज्वालामुखीच्या राखेची माती अतिशय सुपीक असते. मग डोंगरांच्या वंशावळीत राख असेल तर उतारावरची माती सोन्यासारखी असायला हवी. प्रत्यक्षात तिथे कुदळ मारा. वीतभर जाते आणि खडकावर खणकन वाजते. आपला शेतकरी अशा मातीला बरडी म्हणतो आणि तिच्याकडून फारशी अपेक्षाही ठेवत नाही. धानासाठी त्याला सिहार हवी, मोरांड हवी, रब्बीला कन्हार हवी. बरडीवर जंगलच बरं, असा त्याचा जुना हिशेब आहे. तो बरोबरही आहे. पण तो तसा का, हे आज पाहू.

आधी खरी राखेची माती कशी असते ते सांगतो. जावा बेटावर, जपानमध्ये, न्यूझीलंडमध्ये, चिलीच्या डोंगरउतारांवर ती सापडते. जगाच्या जमिनीत तिचा वाटा एक टक्क्याच्या आसपास. रंग काळा, आणि वजनाला आश्चर्यकारक हलकी. मुरमुऱ्यांचं पोतं उचलावं तसं वाटतं, आकार मोठा आणि भार काही नाही. आपल्या शेतातल्या सुक्या मातीचा एक घनसेंटिमीटर तुकडा साधारण १.३ ते १.५ ग्रॅम भरतो, हिचा ०.९ ग्रॅमच्याही खाली. ओला गोळा अंगठा आणि बोटात धरून दाबला तर सुरुवातीला घट्ट लागतो, मग एकदम सुटतो आणि बोटं बुळबुळीत ओली होतात. इतका वेळ ते पाणी गोळ्यात दडून बसलेलं असतं.

हे गुण येतात कुठून? राख म्हणजे चुलीतली राख नव्हे. ती काचेची पूड असते. वितळलेला खडक हवेत फुटून क्षणात गार झाला की त्याला स्फटिक बांधायला सवड मिळत नाही, म्हणून काच होते. ही काच पावसात भराभर विरघळते. तिच्यातली सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम मोकळी होतात आणि त्यांच्यापासून अ‍ॅलोफेन नावाचं एक विस्कळीत, पोकळ कणांचं खनिज तयार होतं. त्या पोकळ्यांत पाणी राहतं. शिवाय मोकळं अ‍ॅल्युमिनियम कुजलेल्या पानांच्या अंशाला असं धरून ठेवतं की जिवाणूंना तो सहज खाता येत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पडलेला पाला मातीत साठत जातो आणि माती काळी होते.

तेच अ‍ॅल्युमिनियम स्फुरदालाही घट्ट धरतं. टाकलेल्या खतातला स्फुरद पिकाच्या वाट्याला येण्याआधी माती गिळून बसते. जपानी शेतकऱ्यांना या मातीतून पीक काढायला स्फुरदाचा भरपूर मारा करावा लागला तो यामुळे. ‘अतिशय सुपीक’ हे पुस्तकी विशेषण तेव्हा जरा सांभाळूनच वापरावं.

शेतात उभ्या उभ्या ही माती ओळखण्याची एक युक्ती आहे. फिनॉल्फ्थॅलीनमध्ये भिजवलेल्या टिपकागदावर चिमूटभर माती ठेवायची आणि वर सोडियम फ्लोराइडचे दोन थेंब टाकायचे. अ‍ॅलोफेन असेल तर एक-दोन मिनिटांत कागद गुलाबी होतो. गायखुरीच्या बरडीवर तो कोराच राहावा, अशी माझी अपेक्षा आहे.

कारण अ‍ॅल्युमिनियम आपल्याकडे कमी आहे, हे नव्हे. ते रग्गड आहे! भंडारा जिल्ह्यातच दहेगावच्या परिसरात कायनाइट निघतं, ते अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकाचंच खनिज. भट्टीच्या विटांना ते लागतं, कारण प्रचंड उष्णतेतही टिकतं. आणि जे भट्टीत टिकतं ते पावसाला काय दाद देणार? कोट्यवधी वर्षं जमिनीखाली दाब आणि उष्णता सोसून जुन्या राखेचं, गाळाचं रूपांतर झालं. काचेचे कण गेले, त्या जागी अभ्रकाचे, क्वार्ट्‌झचे, कायनाइटचे पक्के स्फटिक आले. मोकळं असायला हवं होतं ते अ‍ॅल्युमिनियम स्फटिकांत कुलूपबंद झालं. राखेचा वंश उरला, राखेचे गुण गेले.

तुम्ही म्हणाल, नवी राख कधी पडलीच नाही का? पडली. सुमात्रातला टोबा ज्वालामुखी चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वी फुटला तेव्हा त्याची राख भारतभर पसरली. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या बोरीला, कुकडी नदीच्या काठावर टोबाच्याच राखेचा पांढुरका थर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तो अभ्यासला, कारण तिथे आदिमानवाची दगडी हत्यारंही मिळाली. ती राख याच स्फोटाची की टोबाच्याच त्याहून दसपट जुन्या स्फोटाची, यावर पुष्कळ वाद झाला. आपल्या कामाचा मुद्दा इतकाच की राख सापडते ती नदीकाठच्या गाळात. भंडाऱ्याच्या डोंगरांवरही ती पडली असणारच, पण उतारावर तिला कोण राहू देणार? पाऊस तिला खाली घेऊन गेला.

आणि समजा राहिली असती, तरी आपल्या हवेनं तिला टिकू दिलं नसतं. वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मग आठ महिने कोरडे आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला. अ‍ॅलोफेनला सतत ओल लागते. दरवर्षी कडकडीत वाळलं की ते आपला विस्कळीतपणा सोडून साध्या चिकणमातीच्या खनिजांत बदलतं.

याची उलट बाजू निलगिरीत पाहायला मिळते, आणि मला ती फार आवडते. तिथे ज्वालामुखी नाही, राख नाही. तरीही दोन हजार मीटरच्या वर, थंड दमट हवेत, तिथली माती हलकी, काळी आणि बरीचशी राखेच्या मातीच्याच गुणांची आहे. फ्रेंच मृदाशास्त्रज्ञांनी २००० साली तसा शोधनिबंध प्रसिद्ध केला. अ‍ॅलोफेन तिथे नाही. जुन्या, झिजलेल्या खडकातून सुटलेलं अ‍ॅल्युमिनियम आणि कुजलेला पाला यांनीच मिळून ते काम केलं. निलगिरीत राख नसून गुण आले, आपल्याकडे राख असून गेले. खडकावरून मातीची कुंडली मांडणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं.

तर मग गायखुरीच्या उतारावर आहे तरी काय? वरून पाहू. आधी पातेरा, सागाची मोठी खरखरीत पानं, ऐनाची, तेंदूची. त्याखाली अर्धवट कुजलेला, पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी शिवल्यासारखा थर. मग बोटभर, क्वचित दोन बोटं काळसर माती, रवाळ, ओल्या वासाची. आणि लगेच तांबूस, खड्यांनी भरलेली बरडी, जिच्यात चकचकीत, पापुद्रे निघणारे दगड हाताला लागतात. ते पापुद्रे म्हणजे एके काळचा चिखल किंवा राख, आता अभ्रकाच्या पानांसारखी झालेली. सारी करामत त्या दोन बोटांच्या काळ्या थरात आहे. मृगाचा पाऊस आधी तो झेलतो. तो आहे तोवर पाणी मुरतं, तो गेला की खडकावरून धावतं.

पातळ मातीचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा. जपानच्या होक्काइडोत सप्टेंबर २०१८ मध्ये भूकंप झाला तेव्हा जुन्या राखेच्या आणि प्युमिसच्या थरांनी झाकलेले जंगली उतार हजारो ठिकाणी झाडांसकट खाली आले. आत साठलेलं पाणी तिथे वैरी ठरलं. आपल्या बरडीत घसरायला मुळात माती किती!

पण जो डोंगर पाणी धरत नाही, त्याच्या पायथ्याला पाणी धरायची सोय माणसानं करायची असते. भंडारा-गोंदियाच्या तलावांचं मर्म मला इथे दिसतं. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी गोंड राजवटीत डोंगरांच्या घड्या हेरल्या, दोन टेकड्यांमध्ये मातीची पाळ घातली, जादा पाण्याला सलंग काढून दिली. शिवनीबांध घ्या, पलीकडे नवेगावबांध घ्या, रचना तीच. राखेच्या उतारावर जे काम माती करते, ते इथे तलाव करतो. धानाला ऐन निसवण्याच्या वेळी पावसानं दगा दिला की बांध्या वाचतात त्या तलावावर. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५१ साली गेली, मालगुजारांकडचे तलाव सरकारकडे आले, आणि पुढे त्यांच्या दुरुस्तीचं काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय.

आणि तलावात येतो तो गाळ म्हणजे तरी काय? वरची ती दोन बोटं. उन्हाळ्यात ट्रॅक्टरनं तो शेतात नेताना आनंद होतो, व्हायलाही हवा. पण गाळ फार लवकर साठत असेल तर डोंगरावर काहीतरी बिघडलंय.

बहुधा आग. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पातेरा पेटवतात. पहाटे उठून टोपली भरणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. पाचोळ्यात पडलेलं फूल शोधणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा, आणि घरात त्या महिन्यात दुसरं उत्पन्न नसतं. पण झाडाखालची आग झाडाखाली थांबत नाही. डोंगर जळतो, आणि पहिल्या पावसात काळा थर ओढ्यानं खाली येतो. काही गावांत झाडाखाली जाळी बांधून फुलं गोळा करतात. फुलं स्वच्छ राहतात, भावही बरा मिळतो. नुसते ‘वणवा लावू नका’ असे फलक रंगवण्यापेक्षा त्या पैशात जाळ्या वाटाव्यात, हे माझं मत.

खात्री करायची असेल तर आपल्या गावच्या टेकडीवर एक प्रयोग करा. पंधरा लिटर तेलाचा रिकामा डबा घ्या, वरचा आणि खालचा पत्रा कापून काढा. न जळलेल्या जागी वरचा पातेरा हलकेच बाजूला करून डबा दोन बोटं मातीत ठोका, एक लिटर पाणी ओता आणि ते पूर्ण मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. मग त्याच उतारावर जळालेल्या जागी तेच करा. डबा तिरपा बसू देऊ नका. ओतण्याआधी आत चार पानं टाका, नाहीतर धारेनं माती खरवडते आणि हिशेब चुकतो. आणि हे रोहिणीच्या सरी येण्याआधी करा. एकदा माती भिजली की दोन्हीकडचा आकडा बदलतो.