बरणीतल्या माणसाचा वारस कोण?

(युवक शिबिरात केलेलं भाषण)



आज मी मेलेल्या माणसांबद्दल बोलणार आहे. जिवंतांचे प्रश्न संपलेत अशातला भाग नाही. पण जिवंतपणी ज्यांच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही, त्यांना मेल्यावर काचेमागं मांडून बघायला परवानगी काढावी लागते, हा काय प्रकार आहे ते आपण समजून घेतलं पाहिजे.

परवा मी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजचं शरीररचनेचं म्युझियम बघून आलो. आपल्या वस्तीतली एक पोरगी तिथं पहिल्या वर्षाला आहे, तिनं नेलं. आपली पोरगी हातात सुरी धरून डॉक्टरकी शिकतेय याचा मला अभिमान आहे. हे आधीच सांगतो. नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणेल, हा बाबा विज्ञानाच्या विरोधात बोलतोय.

आत फॉर्मलिनचा वास. डोळ्यांतून पाणी. कपाटांत काचेच्या बरण्या. एकीत मेंदू. एकीत कोपरापासून सोललेला हात, शिरा आणि नसा वेगवेगळ्या करून दाखवलेल्या. एकीत पोटातच मेलेलं पोर, मुठी वळलेल्या. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी. अवयवाचं नाव, रोगाचं नाव, नंबर. माणसाचं नाव कुठंच नाही.

एका चिठ्ठीवर होतं: फुफ्फुस, क्षय. त्याला भोकं पडलेली. पोरीनं मला जंतू समजावून सांगितला. बरोबरच आहे, जंतूशिवाय क्षय होत नाही. पण दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं, खिडकी नाही, पोटात अर्धी भाकर, ह्याची बरणी कुठल्या कपाटात ठेवलीय? शेजारी दगडाच्या धुळीनं कडक झालेलं फुफ्फुस. दगड कोण फोडतं, ते तुम्हांला मी सांगायला नको.

मी विचारलं, ही माणसं आली कुठून? उत्तर आलं: बहुतेक बेवारस.

गड्यांनो, हा शब्द नीट ऐका. आभाळातून पडलेला माणूस कुणी बघितलाय? प्रत्येकाला कुठल्यातरी बाईनं नऊ महिने वागवलेलं असतं. मग तो बेवारस कधी होतो? गावात जमीन नसते, तो शहरात येतो, नाक्यावर उभा राहतो, फुटपाथवर झोपतो आणि तिथंच मरतो. घरी कळवायला पत्ता नसतो. कळलं तरी मढं गावी न्यायला पैसे नसतात. १९४९ साली मुंबई प्रांतात ॲनॉटॉमी ॲक्ट झाला. ज्या देहावर मुदतीत कुणी हक्क सांगत नाही, तो कॉलेजला देता येतो. कायदा जात विचारत नाही. त्याला गरजच नाही, ते काम फुटपाथनं आधीच केलेलं असतं.

ही वाट साहेबाच्या देशात आधी पडली. तिथं १७५२ पासून खुन्याला फाशी दिल्यावर त्याचं प्रेत चिरायला द्यायचे. ती जादाची शिक्षा होती. पण प्रेतं पुरेनात. १८२८ साली एडिंबरोत बर्क आणि हेअर ह्या दोघांनी सोळा माणसं मारली आणि प्रेतं डॉक्टर नॉक्सला विकली. बर्क फासावर गेला. त्याचा सांगाडा आजही तिथल्या विद्यापीठाच्या म्युझियममध्ये आहे. विकत घेणाऱ्या डॉक्टरवर खटला झाला नाही. मग १८३२ साली कायदा आला. गरीबखान्यात मेलेल्याला न्यायला कुणी आलं नाही, तर तो डॉक्टरांचा. म्हणजे काल जी खुनाची शिक्षा होती, ती आता गरिबीला लागू झाली.

आपल्याकडं तर हे शास्त्र फार जुनं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात बेवारस प्रेतं वाहायचं काम चांडाळावर टाकलंय, आणि मेलेल्यांची वस्त्रं हाच त्याचा पोशाख ठरवलाय. महाराष्ट्रात मढ्यावरचं कापड महाराला हक्क म्हणून दिलं. मढं आम्ही उचलायचं, मेलेलं ढोर आम्ही ओढायचं, आम्हीच फाडायचं. काळीज कुठं, आतडं कुठं, हे ह्या देशात कुणाच्या हातांना आधी ठाऊक होतं? पण १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी प्रेताला सुरी लावली आणि पुस्तकात ते पहिले ठरले. त्यांनी विटाळाची भिंत फोडली, मी त्यांना मानतो. पण ते प्रेत टेबलावर कुणी आणून ठेवलं? त्याची ओळ पुस्तकात नाही.

ती आजही नाही. तिथल्या हॉलमध्ये एक मामा भेटले. टाकीतून प्रेत काढायचं, धुवायचं, पोरांचं चिरून झालं की तुकडे गोळा करायचे. पोरं त्यांना मामा म्हणतात, नाव एकालाही ठाऊक नाही. मी विचारलं, मामा, कंत्राटी का कायम? मामा हसले. म्हणाले, "हितं कायम फक्त टाकीतले."

सुरी धरणाऱ्या हाताचा विटाळ गेला. टाकीत जाणारा हात जुनाच राहिला.

आता तर बरणीही लागत नाही. १९७७ साली जर्मनीत हायडेलबर्गला गुंथर फॉन हागेन्सनं युक्ती काढली. देहातलं पाणी आणि चरबी ॲसिटोननं काढायची आणि निर्वातात तिथं प्लास्टिक मुरवायचं. देह कुजत नाही, वास नाही. सोललेल्या माणसाला बुद्धिबळ खेळत बसवता येतं. आपले देह दात्यांनी राजीखुशीनं दिलेत, असं तो सांगतो. पण दुसऱ्याच एका कंपनीनं न्यूयॉर्कात मांडलेले देह चीनमधून आणलेले होते. २००८ साली सरकारी चौकशीनंतर तिला लिहून लावावं लागलं, की हे देह चीनच्या तुरुंगातल्या कैद्यांचे नाहीत याची खात्री आम्ही देऊ शकत नाही. नावं तिथंही नव्हती.

पण वारस उभाही राहतो. दक्षिण आफ्रिकेतली खोईखोई बाई सारा बार्टमन. लंडन-पॅरिसात जिवंतपणी तिचं प्रदर्शन मांडलं. १८१५ साली ती मेली, कुव्हिए नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञानं तिला चिरलं. तिचा सांगाडा पॅरिसच्या म्युझियममध्ये १९७४ पर्यंत लोकांपुढं होता. वर्णभेदाची सत्ता पडल्यावर नेल्सन मंडेलांनी तिला परत मागितलं. २००२ साली ती आपल्या मातीत पुरली गेली. तिचा देशच तिचा वारस झाला.

मग आपण बरण्या फोडायच्या का? अजिबात नाही. डॉक्टर शिकलाच पाहिजे, आणि आपली पोरं जास्त शिकली पाहिजेत. देह हवा तर मागून घ्या, सही घेऊन घ्या. वस्तीत मागा, बंगल्यातही मागा. काम झालं की मानानं माती द्या. मामाला हातमोजे द्या, कायम करा, त्याचं नाव घ्या.

मी देहदानाचा अर्ज भरलाय. आईनं रडून घर डोक्यावर घेतलं. तिला म्हटलं, "आये, आजवर आपल्याकडनं नुसतं घेतलं गेलं. हे मी देतोय."

आणि तुमच्यासाठी काम सांगतो. फुटपाथवर, रुळावर, इस्पितळाच्या दारात माणूस मेला, की चौकीत जा. त्याचं नाव विचारा, गाव शोधा, घरच्यांना गाठा, गाडीभाड्याला वर्गणी काढा. बेवारस हा शिक्का कागदावर उमटायच्या आत आपण तिथं पोचलं पाहिजे.

जयभीम.